काचेखालचा पाव

घरोघरी माशांच्या टाक्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्या काळची गोष्ट. एका टाकीशेजारी मातीच्या डब्यात बारीक पांढरी गांडुळं राहत. सकाळी एक हात मातीवर भिजवलेला पाव ठेवी आणि वर काचेचा तुकडा बसवी. गांडुळं पावावर तुटून पडत, खाता खाता काचेला चिकटत. संध्याकाळी हात ती काच उचलून नेई आणि रिकामी परत आणी.

"गेलेली सुखात आहेत," थोरलं गांडूळ सांगे. "नाहीतर एखादं तरी परत आलं नसतं का?"

एकदा चिवट्या नावाचं गांडूळ काचेच्या कडेला घट्ट चिकटून राहिलं आणि खरोखरच परत आलं.

"तिथे पाणी आहे," ते म्हणालं. "पाण्यात नुसती तोंडं आहेत. काच बुडवली की आपल्याला गिळतात. वर जाऊ नका रे!"

"तुझी लायकी नव्हती, म्हणून परत धाडलं तुला," थोरलं म्हणालं. सगळी हसली.

चिवट्या तळाशी जाऊन बसला. तिथे खायला काहीच नव्हतं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला, पोटात आग पडली. सकाळी पावाचा वास खाली उतरला, तसा तो मुकाट्याने वर निघाला.

काचेखाली गर्दी होती.

"जरा सरक की," चिवट्या शेजारच्याला म्हणाला.