जात्याच्या पलीकडची जागा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, पण त्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथल्या घरांना दारं होती, पण दारांना कड्या नव्हत्या. त्या गावात साळू आणि गोजरा अशा दोघी शेजारणी राहत. एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. दोघींत जातं एकच, साळूच्या दाराआतल्या ओसरीवर. रोज पहाटे गोजरा आपलं दळण घेऊन येई, जात्याच्या पलीकडे बसे, आणि एकच खुंटा धरून दोघी दळत. दळता दळता गात. जे कुणाला सांगता येत नसे, ते गाण्यात येई.

एका साली डोंगरापलीकडच्या मुलखातल्या नद्या आटल्या. तिथली माणसं पोराबाळांना घेऊन या गावात आली. राजानं त्यांना ओढ्याकाठची जमीन दिली. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, फोडणीचा वासही वेगळा. पुढच्या साली आणखी माणसं आली.

त्यांनी कुणाचं काही नेलं नाही. तरी गावात पहिली कडी लागली. मग दुसरी. मग लोहाराला दुसरं काम करायला सवड उरली नाही. साळूनंही एक कडी बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोजरा आली, तर दार बंद. दळणाची टोपली डोक्यावर घेऊन ती थंडीत उभी राहिली. साळूला जाग यायला वेळ लागला.

"मलाही कडी?" गोजरानं विचारलं.

"तुला नाही गं. त्या ओढ्यावरच्या लोकांसाठी आहे."

"बाहेर तर मीच उभी होते."

साळूनं तिला आत घेतलं. गोजरा त्या दिवशी न गाता दळून गेली, आणि त्यानंतर आली नाही. तिनं स्वतःचं जातं आणलं, आणि कडीही लावली.

मग सगळ्या गावाचं असंच झालं. नव्या माणसांशी तर कुणी बोलत नव्हतंच, पण जुनीही एकमेकांशी दाराच्या फटीतून बोलू लागली.

साळू एकटीच दळू लागली. सवयीनं ती खुंट्याची एक बाजू मोकळी ठेवी. भिंतीपलीकडून गोजराच्या जात्याची घरघर ऐकू येई, पण गाणं येत नसे. साळूही आता गात नसे. कधी वाटे, आत्ता उठावं आणि हाक मारावी. पण इतक्या दिवसांनी काय म्हणून हाक मारायची? ती तशीच बसून राही. बरीच वर्षं अशी गेली.

एका सकाळी, डोंगरापलीकडून नुकतीच ओढ्यावर येऊन राहिलेली एक तरुण बाई पदरात नाचणी घेऊन दाराशी आली. तिचं नाव ओरी.

"मावशी, दळू?" ती मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली. "आमचं जातं वाटेत राहिलं. दगडानं कुटतो."

साळूचा हात कडीकडे गेला. पण त्या दिवशी तिचा खांदा फार दुखत होता, आणि एकटीनं जातं ओढून ती कंटाळली होती. ती बाजूला सरली. "ये. बस पलीकडे."

ओरीनं खुंटा धरला. जातं हलकं झालं. थोड्या वेळानं ओरी गाऊ लागली. साळूला एक शब्द कळला नाही, पण एका ठिकाणी तिचा आवाज कापला ते कळलं.

"कोण राहिलं गं मागं?"

"बहीण," ओरी म्हणाली. "तिला चालवत नव्हतं."

साळूनं भिंतीकडे पाहिलं. "माझी इथंच आहे, भिंतीपलीकडे. तिला मीच मागं ठेवली."

पलीकडची घरघर थांबली.

त्या दिवशी काही झालं नाही. ओरी मात्र रोज येऊ लागली, आणि साळूनं सकाळी कडी लावणं सोडलं. बऱ्याच दिवसांनी एकदा उघड्या दारात गोजरा दिसली. केस सगळे पांढरे झालेले.

"आत येऊ?" तिनं विचारलं.

सबंध आयुष्यात गोजरानं हे कधी विचारलं नव्हतं. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरी उठून जागा देऊ लागली, तेव्हा गोजरानंच तिला खाली बसवलं. "तू ओढ. मी दाणे घालते."

मग त्या ओसरीवर दोन भाषांतली गाणी होऊ लागली. ती ऐकून आळीतली आणखी काही दारं उघडली. काही मात्र बंदच राहिली. साळू आणि गोजरा पुन्हा हसल्या, बोलल्या. पण गेलेली वर्षं कुणी परत आणून दिली नाहीत, आणि त्यांची हळहळ दोघींना शेवटपर्यंत राहिली.

बोध एवढाच: परक्याच्या भीतीनं जो दार लावतो तो आधी आपल्याच माणसाला मुकतो, आणि परक्याला जो शेजारी बसवून घेतो त्याला आपलं माणूसही पुन्हा भेटू शकतं.