ढेरूशेठ उठेना, विमान उडेना

होता एक मुंगळा. एवढुस्सा. पण ताठ!

त्याची आई गुळाच्या ढेपेवर चढली. ढेप गेली डोंगरापार. आई गेली ढेपेबरोबर. हसू नका. मुंगळ्यालाही आई लागते.

मुंगळ्याने साखरेचा एक दाणा घेतला. विमानाकडे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"विमानदादा, विमानदादा, मला आईकडे ने."

"एका दाण्यात? हॅट! तेल महागलं. पोतंभर साखर आण."

"काल तर एका दाण्यात नेत होतास!"

"कालचं काल गेलं. पंप स्वस्तात पाजेल, तर नेईन."

"बघतोच!" म्हणाला मुंगळा. निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पंपोबा, पंपोबा, तेल पाज! विमान नेईना, आई भेटेना!"

"पाजू काय, कपाळ? आधी टँकरला आणायला सांग."

"बघतोच!" तुरुतुरु, तुरुतुरु.

"टँकरमामा, टँकरमामा, तेल आण! पंप पाजेना, विमान नेईना, आई भेटेना!"

"माझंच पोट रिकामं. खडखड, खडखड! आधी विहिरीला द्यायला सांग."

"बघतोच!" तुरुतुरु, तुरुतुरु.

"विहीरबाई, विहीरबाई, तेल दे! टँकर आणेना, पंप पाजेना, विमान नेईना, आई भेटेना!"

विहीर कण्हली. गुडगुड, गुडगुड. "तोंडावर झाकण. झाकणावर ढेरूशेठ. आधी त्याला उठव."

ढेरूशेठ चिवडा खात होता. कुरुमकुरुम.

"शेठ, शेठ, ऊठ! विहीर देईना, टँकर आणेना, पंप पाजेना, विमान नेईना, आई भेटेना!"

"नाही उठत, जा! मी बसतो, म्हणून तेल महागतं. तेल महागतं, म्हणून मी फुगतो. तू रे केवढा? फुंकरीने उडशील!"

"मार फुंकर!"

फूऽऽऽ! मुंगळा हलला नाही. चढला. धोतरात शिरला. कच्च!

"मेलो, मेलो!" शेठ उठला. नाचला. थयथय, थयथय. "सोड रे!"

मुंगळा सोडेना.

"परत नाही बसणार! सोड रे बाबा!"

मग सोडलं.

झाकण उडालं. धाडकन! विहीर देऊ लागली, टँकर आणू लागला, पंप पाजू लागला. विमान म्हणालं, "या मुंगळेराव, बसा. एकच दाणा."

"आणि यांना?"

मागे गोगलगाय उभी. झुरळ उभं. चिचुंद्री उभी. सगळ्यांकडे एकेकच दाणा.

"त्यांनाही एकच."

"मग बसतो!"

भुर्रर्र! डोंगरापार आई दिसली.

"उशीर का रे केलास?"

"शेठ आडवा आला होता."

"मग?"

"चावलो."

"बरं केलंस. ये, गूळ खा."

विमान उतरलं, गोष्ट उतरली. ओढा आता पांघरूण.