तांब्याभर विरजण

नदीकाठच्या कुंभेरी गावात यमाजी नावाचा एक माणूस सातूची बीअर करायचा. बीअर म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. त्या मुलखातला उन्हाळाच असा की, रानातून परतलेला माणूस एक पेला घ्यायचा आणि निमूट घरी जेवायला जायचा.

कृती साधीच होती. सातूला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळून गाळायचं आणि निवल्यावर त्यात आधीच्या पिंपातला तांब्याभर फेस सोडायचा. दुधाला दही लावतो तसं. म्हणून त्या फेसाला सगळे विरजणच म्हणत. आसपासच्या गावांत हे काम करणारी दहा-बारा घरं होती. एखाद्याचं विरजण बिघडलं की तो दुसऱ्याच्या दारात जायचा. जाताना तांब्यात मूठभर सातू घालून न्यायचे आणि देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, असा रिवाज होता. यमाजीने धंदा मांडला तोसुद्धा शेजारच्या गावातल्या गजराक्काकडून आणलेल्या विरजणावर.

यमाजी कष्टाळू होता. चवीला पक्का आणि स्वच्छतेला त्याहून पक्का. बघता बघता पाच पिंपांची पन्नास झाली. मग कारखान्याचं धुराडं उभं राहिलं, जाड भिंतींचं गार तळघर बांधलं गेलं, बाटल्यांवर टिटवीचं चित्र आलं. चार जिल्ह्यांत ‘टिटवी छाप’ जाऊ लागली. गावातली दीडशे माणसं कामाला लागली. सोयरीक जुळवताना ‘मुलगा टिटवीत आहे’ एवढं सांगितलं तरी पुरायचं. चांगले दिवस होते ते, खोटं कशाला बोला.

एका वर्षी मात्र उन्हाळा भलताच कडक पडला. दहा-बारा घरांतली विरजणं एकेक करून गेली. शाबूत राहिलं ते फक्त यमाजीच्या तळघरातलं. एका सकाळी गजराक्का कारखान्यात आली. हातातला तांब्या ओल्या फडक्याने झाकलेला होता.

“यमाजी, समदं नासलं बघ माझं. वाईच विरजण दे.”

यमाजी उठला. उठला होता, हे सांगायलाच हवं. पण दोन पावलं गेल्यावर त्याच्या मनात आलं, हिची बीअर माझ्याच बाजारात विकते. लोक दोन्हींची चव सारखीच म्हणतात. मग मी माझ्याच हाताने हिला परत उभी का करू? तो मागे फिरला.

“आक्का, आता ह्ये कंपनीचं हाय. तुला दिलं तर समद्यांस्नी द्यावं लागंल.”

गजराक्का भांडली नाही. तिने तांब्यातले सातू त्याच्या टेबलावर ओतले. “आणलंय ते ठेव,” म्हणाली आणि गेली. तिचं ऐकून बाकीचे अर्ध्या वाटेवरूनच परतले. विरजणाचा थेंबही फाटकाबाहेर जाता कामा नये, असा हुकूम त्याच दिवशी निघाला.

पिंपांवर देखरेख करणारा म्हादबा जुना माणूस. त्याला राहवलं नाही.

“शेट, उद्या आपलं बिघडलं तर कुणाच्या दारात जायाचं?”

यमाजी हसला. “दोनशे पिंपं हायत म्हादबा. समदी एकदम नासत्यात व्हय?”

त्या वर्षी सगळी घरं बंद पडली. त्यांची गिऱ्हाइकंही टिटवीकडे आली आणि यमाजीला आपलं शहाणपण पटलं. आठ वर्षं ते पटलेलंच राहिलं.

नवव्या वर्षी तळघरात कसली घाण शिरली कोण जाणे. एक पिंप आंबटढोण झालं. ते कळेपर्यंत त्याचा फेस पुढच्या पिंपात गेला होता, त्याचा त्याच्या पुढच्यात. महिन्याभरात दोनशेच्या दोनशे पिंपं नासली. यमाजीने सगळी उकळत्या पाण्याने धुऊन काढली. शहरातून तज्ज्ञ आणला, त्याने पुडीतलं विरजण आणलं. बीअर झाली, नाही असं नाही. पण ती कुठल्याही बीअरसारखी झाली. “टिटवी हाय, पर टिटवीगत लागत न्हाई,” लोक म्हणू लागले. काहींनी जुन्या ओढीने चार-सहा महिने घेतली, मग त्यांनीही सोडली.

शेवटी यमाजीने तांब्यात मूठभर सातू घातले आणि तो पायी निघाला. घरोघर गेला. कुणी पिंपात पाणी साठवत होतं, कुणी भुसा. सर्वांत शेवटी तो गजराक्काकडे गेला. ती पार थकली होती. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं. तांब्याकडे बघून तिला सगळं कळलं.

“असतं तर दिलं असतं रे,” ती म्हणाली. “तू मागावंस अन् मी न्हाई म्हणावं व्हय? पर तवाच पिंपं पालथी घातली. विरजण कुठनं असंल?”

यमाजीला वाटलं, हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मात्र जेवून जा म्हणाली. तो तसाच परतला.

वर्षभरात कारखाना बंद पडला. दीडशे माणसं पोटासाठी चार दिशांना गेली. मला यमाजीचा राग येत नाही, वाईट वाटतं. दुष्ट नव्हता तो. त्या सकाळी आणखी चार पावलं पुढे गेला असता, तर टिटवीची चव आज दहा-बारा घरांत जिवंत असती.

तात्पर्य: शेजाऱ्याला दिलेली वस्तू आपल्याच अडीअडचणीसाठी शिल्लक राहते, एकट्यानेच राखून ठेवलेली एकदा गेली की मागायला दारही उरत नाही.