वाकड्या अंगठ्याचा क्रूस

एक होती पाववाली. आज राजा नाही, राणी नाही, पाववालीच. राजाला आपल्याकडे ओळखतं कोण? पाववाली मात्र सगळ्यांना लागते. ए लुर्दीस, पाय पांघरुणात घे, नाहीतर अंगठा कुणी ओढला तर मला हाक मारायची नाही.

तर खाडीच्या काठी एक गाव होतं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला ताडाची झाडं आणि मधोमध देऊळ. देऊळ म्हणजे आपलं चर्च, बरं का. तिथं फिलूबाय पाववाली राहायची. तिला दोन मुली. थोरली कातरीन, सतरा वर्षांची. धाकटी इनेस, तुझ्याएवढी, पण तुझ्यापेक्षा गुणी.

फिलूबायच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. लहानपणी भट्टीच्या लोखंडी दारात सापडला होता तो. रोज सकाळी ती पीठ मळायची आणि कालच्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा त्यात घालायची. मुळात ताडी घालून आंबवलेलं पीठ ते, तिच्या आजीच्या हातचं. रोज त्यातलं थोडं उद्यासाठी मडक्यात ठेवायचं, म्हणजे ते कधी संपत नाही. मग पीठ फडक्याखाली झाकायचं. दुपारपर्यंत ते टम्म फुगायचं आणि संध्याकाळी भट्टीत जायचं.

तिच्या तीन रीती होत्या. पीठ झाकण्याआधी त्यावर अंगठ्याने क्रूस काढायचा. भट्टीत जाणाऱ्या पहिल्या पावावरही तसाच काढायचा. तिचा अंगठा वाकडा, म्हणून क्रूसही वाकडाच उमटायचा. बारा वाजता देवळाची घंटा झाली, की हात जिथे असतील तिथे थांबवायचे आणि देवदूताची प्रार्थना म्हणायची. हात पिठात असले तर पिठातच. तसं सगळं गावच थांबायचं तेव्हा. ताडावर चढलेला माणूससुद्धा अर्ध्यात थांबायचा. आणि तिसरी रीत, भट्टीतून निघालेला पहिला पाव बेनीत मावशीला द्यायचा. बेनीत मावशी आंधळी होती आणि तिला स्वतःचं असं कुणीच नव्हतं.

मग काय झालं, फिलूबायला ताप आला. आठ दिवसांत ती गेली. जाताना कातरीनचा हात धरून म्हणाली, "इनेसला सोडू नकोस. आणि माझ्या रीती मोडू नकोस." एवढंच. मग तिला देवळामागच्या मातीत ठेवलं आणि दोघी बहिणी भट्टीपाशी परत आल्या.

कातरीन सगळं आईसारखं करायची. क्रूस काढायची, घंटेला थांबायची, बेनीत मावशीकडे पाव पोचवायची. पण तिचं पीठ काही फुगेना. पाव निघायचे ते दडस. गिऱ्हाईक तोंडावर बोलायचं नाही, पण पाठ वळली की बोलायचं. रात्री इनेस "आय कुठं गेली?" म्हणून रडायची आणि कातरीनला काय सांगावं ते कळायचं नाही. देवावर ती रुसली होती. एका दुपारी, घंटा होऊन गेल्यावर, ती मागच्या दारात बसून रिकाम्या अंगणाला म्हणाली, "कुणीतरी माझ्या आयला परत पाठवा."

पोरांनो, "कुणीतरी" असं कधी म्हणू नये. ऐकणारे फार असतात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या अंगणात चिंचेखाली कुणीतरी उभं होतं. अंगावर आयचं लाल लुगडं. तेच, जे नेसवून तिला मातीत ठेवलं होतं. चेहरा पदरात. कातरीनच्या हातातली परात खाली आली.

"कातरीन," ती म्हणाली. आवाज आयचाच. थोडा घोगरा, शेवटाला खाली येणारा. "किती वाळलीस गं."

हे ऐकलं आणि कातरीन ढसाढसा रडली. तुम्हीही रडला असता, मीही रडले असते. ती बाई चिंचेखालून पुढे आली, पण उंबऱ्याशी थांबली. ईस्टरला फादर घर आशीर्वादून गेले होते, उंबऱ्यावर पवित्र पाणी शिंपडून गेले होते. ती आत काही आली नाही. आणि तिची सावली दिसत नव्हती. झाडाखालून आली म्हणून दिसत नसेल, असं कातरीनने स्वतःला समजावलं. माणसाला जे हवं असतं ना, ते पटवून घ्यायला त्याला फार वेळ लागत नाही.

"उद्यापासून पिठावर क्रूस काढू नकोस," ती म्हणाली. "मी आले ना आता. मग त्याची काय गरज?"

कातरीनला वाटलं, एवढीशी तर गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिने पीठ तसंच झाकलं. आणि काय सांगू, ते पीठ दुपारी परातीबाहेर आलं. पाव निघाले बगळ्यासारखे पांढरे आणि हलके. सगळं गाव धावलं. एक खाल्ला की दुसरा खावासा वाटायचा, दुसऱ्यावर तिसरा. मात्र पोट काही भरायचं नाही. माणसं जेवून उठायची आणि पुन्हा चुलीकडे बघायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे पावाची वाहवा करण्यात दंग.

दुसऱ्यांदा ती आली, तेव्हाही घंटा होऊन गेली होती. या वेळी उंबऱ्याला अगदी खेटून उभी राहिली. ओल्या मातीचा वास येत होता.

"पहिला पाव त्या आंधळीला कशाला?" ती म्हणाली. "तो इनेसला दे. घरचं लेकरू उपाशी आणि परक्याला आधी?"

बोलणं तर बरोबर वाटतं की नाही? अशीच असतात ती बोलणी. चुकीची वाटली असती तर कुणी ऐकली नसती. कातरीनने त्या संध्याकाळी पहिला पाव इनेसच्या हातात दिला. बेनीत मावशी दारात काठी टेकून बसली, अंधार पडेपर्यंत बसली, आणि मग कडी लावून उपाशी झोपली.

आता गावात काय व्हायला लागलं ऐका. कुत्री भुंकेनाशी झाली. पाळण्यातली बाळं रडेनाशी झाली, नुसती वर बघत पडायची. आणि इनेस. इनेस दिवसभर पाव खायची आणि दिवसेंदिवस हलकी व्हायची. आयची आठवण काढेना, हसेना. एका सकाळी कातरीनच्या हातून पिठाची चाळण सांडली आणि सगळ्या जमिनीवर पांढरं पीठ पसरलं. इनेस त्यावरून चालत गेली, या दारापासून त्या दारापर्यंत. कातरीनने खाली बघितलं. पिठावर पाऊल उमटलंच नव्हतं.

एकही नाही.

कातरीन घाबरली. तरी ती मनात म्हणाली, आय येईल दुपारी, तिलाच विचारू. बघा बरं, ज्याने घोळ घातला त्यालाच विचारायला निघाली.

त्या दिवशी मात्र त्या बाईला धीर निघेना. जिभेवर साखर ठेवून बोलणारीलाही शेवटी हाव आवरत नाही. घंटा व्हायच्या आधीच ती आली. उंबऱ्यापलीकडे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"पोरगी मलूल दिसते," ती म्हणाली. "आण इकडे. माझ्या मांडीवर निजवते. उंबऱ्याबाहेर दे फक्त."

कातरीनने इनेसला उचललं. कापसाची उशी उचलावी तशी ती वर आली. कातरीन दारापाशी गेली. तिने इनेसला पुढे केलं. त्या हातांमध्ये आणि इनेसमध्ये वीतभर अंतर राहिलं असेल.

आणि देवळाची घंटा झाली.

कातरीनचे हात थांबले. तिने थांबवले नाहीत हो, आपोआप थांबले. सतरा वर्षांची सवय ती. रुसवा होता, शंका होती, पण हातांना रीत ठाऊक होती. ओठ पुटपुटायला लागले, प्रभूच्या दूताने मरियेला निरोप दिला. ताडावरचा माणूस थांबला, मिठागरातली माणसं फावडी टेकून थांबली, सगळं गाव थांबलं.

ती मात्र थांबली नाही.

तिचे हात पुढे येतच राहिले. उंबऱ्यावर येऊन अडले, तर आडवे वाढायला लागले, चौकटीच्या या बाजूने, त्या बाजूने, वाट शोधत. बोटं लांब लांब झाली. आणि अंगठे सरळ होते. दोन्ही अंगठे अगदी सरळ.

कातरीनला कळलं. आय असती तर थांबली असती.

पण पोरांनो, कळणं सोपं असतं. पुढचं अवघड. कारण ती बाई रडायला लागली, आणि आयच्याच आवाजात. "कातरीन, मला उन्हात उभी करतेस? पुन्हा एकदा मातीत लोटतेस मला?" तो आवाज दार लावल्यावर परत कधी कानी पडणार नव्हता. कातरीनला ते ठाऊक होतं. तिने इनेसला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "माझी आय देवाकडे आहे. तिने माझ्याकडे सगळं देऊन ठेवलं. तू आल्यापासून नुसतं मागतेस."

आणि तिने दार लावलं. प्रभू येशूचं नाव घेतलं आणि कडी घातली. बाहेर बराच वेळ कुणीतरी दाराला नखं घासत होतं, आधी आयच्या आवाजात, मग इनेसच्या, मग खुद्द कातरीनच्या आवाजात हाका मारत होतं. मग ओल्या मातीचा वास गेला.

पण इनेस तशीच होती. कातरीनने मडक्यात बघितलं, तर राखून ठेवलेला पिठाचा गोळा काळा पडलेला, आणि आत काहीतरी श्वास घेतल्यासारखं हळूहळू वरखाली होत होतं. पणजीपासून चालत आलेलं ते आंबवण, आयचा हात लागलेली शेवटची गोष्ट. कातरीनचा जीव तुटला. तरी तिने ते उचललं आणि भट्टीच्या निखाऱ्यात टाकलं. आता घरात आयचं काही उरलं नाही, असं तिला वाटलं.

मग ती इनेसला कडेवर घेऊन बेनीत मावशीच्या दारी गेली. लाज वाटत होती. तरी गेली. उंबऱ्यात बसली आणि सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "मावशी, मी तुझा घास तोडला," म्हणाली.

बेनीत मावशीने ऐकून घेतलं. "आवाज कुणीही काढील गं," ती म्हणाली. "मी आंधळी. मला आवाजच येतात सगळ्यांचे. म्हणून मी माणूस आवाजावरून ओळखत नाही, काय मागतो त्यावरून ओळखते." मग तिने शिंक्यावरचं गाठोडं चाचपडत काढलं. आत एक वाळून दगड झालेला पाव होता. "तुझ्या आयने आणलेला शेवटचा. खाववेना मला. ठेवला होता."

कातरीनने तो हातात घेतला. त्यावर वाकड्या अंगठ्याचा क्रूस होता.

मग काय, कातरीनने ताज्या ताडीत तो पाव कुस्करून घातला. रात्रभर काही झालं नाही. पहाटे एक बुडबुडा आला. मग दुसरा. कातरीनने त्यात पीठ मळलं, आपल्या सरळ अंगठ्याने त्यावर क्रूस काढला आणि झाकलं. बाराच्या घंटेला थांबली. पाव निघाले ते बेढब, काळपट, एका बाजूने बसके. पहिला बेनीत मावशीला. मावशीने अर्धा तोडला आणि इनेसच्या हातात दिला.

इनेसने चावून चावून खाल्ला. तोंड वाकडं केलं. "बाय, कडक आहे गं," कातरीनला म्हणाली. आणि मग भोकाड पसरलं, "मला आय पाहिजे." महिनाभरात पहिल्यांदा रडली ती. कातरीन तिला कुशीत घेऊन रडली, पण या वेळी दोघी मिळून. मग दुसऱ्या घरी बाळ रडलं, मग तिसऱ्या. कुत्री भुंकायला लागली. आणि त्या दिवशी गावाचं पोट भरलं.

त्याच रात्री इनेस भट्टीकडून आत पळत आली. जमिनीवर पीठ सांडलेलं होतंच. कातरीनने वाकून बघितलं. या दारापासून त्या दारापर्यंत लहान लहान पावलं उमटली होती, पाची बोटांसकट. ते पीठ तिने दोन दिवस झाडलं नाही.

पुढे कातरीनच्या हाताला हळूहळू गुण आला. बेनीत मावशी त्यांच्याच घरी राहायला आली. इनेस मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि सासरी जाताना तिने मडक्यातला एक गोळा बरोबर नेला. सगळी सुखाने राहिली आणि पोटभर जेवली.

आता ती बाई परत आली का, असं विचारू नकोस, लुर्दीस. येते. गोड बोलत येते आणि ओळखीच्या आवाजात येते. आली तर घाबरायचं नाही. उंबऱ्याच्या आत राहायचं, प्रभूचं नाव घ्यायचं आणि ती काय मागते ते बघायचं.

चला, हात जोडा, क्रूसाची खूण करा आणि डोळे मिटा. मडक्यातला गोळा उद्यासाठी ठेवलाय मी, त्यावर क्रूसही काढलाय. तो झोपलाय, तुम्हीही झोपा.