उडी मारेल त्याच्यावर जाळी

आडवण नावाच्या गावी एक भोळा जावई आला होता. नाव हरेश्वर. तसे सासुरवाडीला सगळेच जावई भोळे दिसतात, पण ते जेवण होईपर्यंत. हा जेवण झाल्यावरही भोळाच राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी, एकदा ऐकलेलं कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथेच होती.

त्याचे सासरे अप्पा पेडणेकर. हरेश्वर त्यांना मामा म्हणे. मामांनी तीस वर्षं दीपगृहात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्यांना समुद्राशिवाय करमेना, म्हणून त्यांनी घराच्या ओटीवर खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली. समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण मामांना तो खुर्चीत बसून बघायचा होता. टाकीची राणी होती लाडी. ही रॅस जातीची मासळी. बोटभर लांब, पिवळीधमक, गालावर हिरव्या रेघा. मामा खुर्चीत बसले की ती काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत राही. मामी म्हणायच्या, "एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं."

बेळगावला पुतणीचं लग्न निघालं. घरचे सगळे निघाले. लाडीपाशी कोण राहणार? हरेश्वरची बायको कुंदा म्हणाली, "हे राहतील."

मामांनी जावयाकडे बघितलं. मग लाडीकडे बघितलं. मग एक सुस्कारा सोडला.

कुंदाने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, लग्नाला दोन वर्षं झाली. बाबांच्या तोंडून तुमच्यासाठी एकदाही शाब्बास निघालेलं नाही. एवढे चार दिवस लाडीला जपा. मला माहेरी ताठ मानेने वावरू दे."

हरेश्वरच्या काळजाला ते लागलं. आता शाब्बास मिळवायचंच, असं त्याने ठरवलं.

निघताना मामा म्हणाले, "जावईबापू, टाकीतलं पाणी आटतं, पण मीठ आटत नाही. म्हणून पाणी कमी झालं की नुसतं गोडं पाणी घालायचं. मीठ घालायचं नाही. काही अडलं तर मला फोन करा आणि मी सांगेन तसंच करा."

"बरं, मामा."

दुपारी टाकीतलं पाणी कमी झालं. हरेश्वरने गोडं पाणी घातलं. जेवताना आमटी कमी झाली. तिच्यातही गोडं पाणी घातलं. मीठ काही आटत नाही. तिसऱ्या दिवशी त्या आमटीत पातेल्याचा तळ दिसत होता, पण हरेश्वर भुरके मारून जेवला.

पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला तो टाकीपाशी गेला. बघतो तर काय! लाडी नव्हती! त्याने आरडाओरडा केला, गादी झटकली, तांदळाचा डबा उपसला. शेवटी फोन लावला.

"मामा, लाडी पळाली!"

"पळाली नाही हो. रॅस तिन्हीसांज झाली की वाळूत शिरून झोपते. दिसली नाही म्हणजे गेली असं नसतं. उकरायचं नाही, बोंबलायचं नाही. दिवा मालवायचा आणि गप्प बसायचं. सकाळी येते आपली वर."

"बरं, मामा. दिसलं नाही तर गप्प बसायचं."

सकाळी लाडी खरंच वर आली. हरेश्वरला मामांच्या ज्ञानाचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातल्या खुंट्याला मामांची शेळी नव्हती. नुसती दोरी होती. हरेश्वर अजिबात घाबरला नाही. तो घरात गेला, दारं लावली, दिवा मालवला आणि गप्प बसला. तासाभराने शेजारची आनंदीकाकी दार बडवायला लागली.

"जावयानू! तुमच्या शेळयेन माजी सगळी माठाची भाजी खाल्ल्यान!"

हरेश्वरने आतून ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, काकी. शेळी झोपलीय."

काकीने शेळीला कानाला धरून आणलं, आणि मामांना फोन काकीनेच लावला. मामा भडकले.

"अहो जावईबापू, शेळी वाळूत झोपते का? गडग्याच्या दगडी कुंपणावरून उडी मारून गेली ती! टाकीवर जाळी कशाला घातलीय मी? रॅस उडी मारते म्हणून! उडी मारेल त्याच्यावर जाळी घालायची, एवढं साधं कळत नाही?"

"बरं, मामा. उडी मारेल त्याच्यावर जाळी."

मामांचा मासे धरायचा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खुंटीला टांगलेला होता. हरेश्वरने तो शेळीवर टाकला. शिवाय अंगणाचं फाटक सात गाठी मारून बांधून टाकलं. ही मात्र त्याची स्वतःची अक्कल.

तिसऱ्या दिवशी पणजीहून रुझारियो आला. मामांनी टाकीसाठी एक नवा मासा सांगितला होता, तो पिशवीत घेऊन आला. बघतो तर फाटक बांधलेलं. चार हाका मारल्या. मग पिशवी सांभाळत तो गडग्यावर चढला आणि त्याने आत उडी मारली.

हरेश्वरने शेळीवरचा पाग काढला आणि रुझारियोवर टाकला. मग फोन लावला.

"मामा, एकाने उडी मारली. जाळी घातली."

"अहो, तो मासेवाला! सोडा त्याला आधी! आणि नीट ऐका. त्याच्या पिशवीत न्हावी आहे. तोही रॅसच, पण दुसऱ्या माशांच्या अंगावरची घाण साफ करतो म्हणून मी न्हावी म्हणतो. नव्याला एकदम आत घ्यायचं नाही. तासभर बाहेर ठेवायचं आणि थेंब थेंब पाणी द्यायचं, मग सवय होते. दुसरं म्हणजे, एक ठग मासा असतो. हुबेहूब न्हाव्यासारखा. तोच रंग, तोच पट्टा. जवळ येतो आणि लचका तोडतो. तेव्हा रंगावर जायचं नाही, तोंड बघायचं. तोंड पुढे टोकाला असलं तर न्हावी. हनुवटीखाली गेलेलं असलं तर ठग. ठगाला घरात घ्यायचं नाही!"

"बरं, मामा."

हरेश्वरने रुझारियोला सोडलं. पिशवीतल्या माशाचं तोंड बघितलं, टोकाला होतं. तासभर थेंब थेंब पाणी दिलं आणि मासा टाकीत सोडला. न्हावी थेट लाडीकडे गेला आणि तिचे कल्ले साफ करायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा हरेश्वरचं एक काम बरोबर झालं होतं! आनंदाने त्याने शेळीचा मुका घेतला आणि फोन लावला.

"मामा, आता शाब्बास म्हणा ना!"

"घरी येऊन बघतो, मग म्हणतो," मामा म्हणाले.

इकडे लग्नात काय झालं ते ऐका. पुतण्यांनी हौसेने मामांचे पांढरे केस काळेभोर केले. आणि पंगतीत कडक बुंदीचा लाडू फोडताना मामांची कवळी दुभंगली. लाडूला काही झालं नाही. मामींना आणि कुंदाला मांडवपरतणीसाठी ठेवून, लाडीच्या ओढीने मामा चौथ्या दिवशी एकटेच परतले.

फाटक बांधलेलं. मामांनी हाका मारल्या, पण बोळक्या तोंडातून नुसती हवा आली. शेवटी धोतर खोचून ते गडग्यावर चढले. वय अडुसष्ट. तरी उडी मारली.

पाग पडला.

हरेश्वर जवळ आला. माणूस थेट मामांसारखा होता. केस काळे होते, पण रंगावर जायचं नव्हतं. त्याने तोंड बघितलं. तोंड आत ओढलेलं, पार हनुवटीखाली गेलेलं. ठग!

"अहो, मी अप्पा! तुमचा फाफरा!" ठग म्हणाला.

"असं असतंच," हरेश्वर म्हणाला. "हुबेहूब."

पण ठग असला तरी नवा आलेला होता. हरेश्वरने देवघरातली पळी आणली आणि ठगाच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडायला लागला. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने ते बघितलं, कोणीतरी शेवटचं पाणी घेतंय असं समजून लांबूनच हात जोडले आणि ती पुढे गेली. शेळीने जाळीतून मामांचा उडीत सुटलेला फेटा खायला घेतला.

तासभर झाला. पुढे काय करायचं ते हरेश्वरला ठाऊक नव्हतं. त्याने मामांना फोन लावला. फोन जाळीतच वाजला.

मामांनी फोनकडे बघितलं. जावयाकडे बघितलं. चार दिवस हा माणूस फक्त फोनचं ऐकत आलाय, हे त्यांना आठवलं. त्यांनी फोन उचलला.

"मामा, एक ठग पकडलाय. तुमचा फोनही त्याच्याकडे वाजतोय."

"फोडा त्याला," दोन हातांच्या अंतरावरून मामा म्हणाले.

"फोडू? मारू म्हणता?"

"नाही, नाही! जाळी काढा! जाळी!"

"बरं, मामा. रेंज खराब आहे तुमची." मग हरेश्वरचा आवाज बारीक झाला. "लाडी छान आहे, मामा. न्हावीपण. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. नीट केलं ना मी?"

मामांनी जाळीतून ओटीकडे बघितलं. लाडी पिवळीधमक, काचेला नाक लावून. पाणी स्वच्छ, न्हावी कामात. त्यांना राग यायचा होता, तो कुठेतरी अडकला.

"फाब्बाफ, जावईबापू," मामा म्हणाले. "फाब्बाफ."

हरेश्वरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुंदाला कधी सांगतो असं त्याला झालं. त्याने झटक्यात जाळी काढली. सुटलेला माणूस थेट ओटीवर गेला आणि धपकन खुर्चीत बसला.

हरेश्वरने घाईघाईने पुन्हा फोन लावला.

"मामा, सोडला. पण तुम्ही मिळेल त्या गाडीने या. तो तुमच्याच खुर्चीत बसलाय, आणि मेल्याने लाडीलासुद्धा फसवलंय! ती त्याला तुम्हीच समजतेय!"