नदीचा शिधा

चैत्रातल्या एका दुपारी उदाजीराजांच्या ताटात साळवती नदीतला खडस मासा आला आणि राजे भडकले. एरवी हातभर लांब, गुबगुबीत असणारा हा मासा नुसता काट्यांचा सापळा झाला होता, वर अंगभर व्रण! त्यांनी भोईवाड्याला हुकूम धाडला. आषाढ संपायच्या आत धरणाखालच्या पात्रातून एक धष्टपुष्ट खडस जिवंत आणायचा, नाहीतर नदीत जाळं टाकायचं कायमचं बंद.

भोयांच्या पोटावरच पाय आला. तेव्हा त्यांच्या मुकादमाची लेक ठकू दरबारात गेली. तिने सांगितलं की धरण झाल्यापासून दारं सहा दिवस बंद असतात आणि सातव्या दिवशी पाहुण्यांना धबधबा दाखवायला सगळी एकदम उघडतात. सहा दिवस मासे डबक्यांत तडफडतात. सातव्या दिवशी लोंढा येतो आणि ज्या खडीत ते अंडी घालतात, ती खडीच वाहून नेतो.

“आठवड्याचं ठरलेलं पाणी मी सोडतो,” राजे म्हणाले. “एक थेंब कमी नाही. आणि एक थेंब जास्तही मिळणार नाही.”

ठकूने जास्त पाणी मागितलंच नाही. तिने आठवड्यापुरता राजांचा मुदपाकखाना मागितला. राजे मोठे खवय्ये. भोईणीच्या हातचं कालवण मिळणार म्हणून त्यांनी लगेच होकार दिला.

पहिल्या दिवशी ताटात वाटीभर पेज आली. जेवण मागून येईल, असं राजांना वाटलं. आलं नाही. दुसऱ्या दिवशीही पेजच. तिसऱ्या दिवशी सकाळी राजांना गादीवरून उठवेना. कसेबसे दरबारात येऊन त्यांनी ठकूला बोलावून विचारलं, उपाशी मारायचा विचार आहे का?

“छे, महाराज! आठवड्याचा शिधा दाणाभरही कमी केलेला नाही. बेचाळीस भाकऱ्या, सात कोंबड्या, दोन हंडे भात, सगळं सातव्या दिवशी एकदम वाढणार आहे. बघायला पाहुणेही बोलावलेत.”

दिवाणजी जमिनीकडे बघू लागले. तेवढ्यात राजांच्या पोटातली गुरगुर सगळ्यांना ऐकू गेली, आणि राजेच खो खो हसत सुटले. त्यांनी आधी भाकरी मागवली आणि मग धरणाच्या दरोग्याला हुकूम दिला, उद्यापासून ही पोर सांगेल तशी दारं उघडा.

पाणी तेवढंच राहिलं, पण आता ते रोज थोडं थोडं सुटू लागलं. पाऊस लागल्यावर ठकूने दारं हळूहळू उघडायला आणि हळूहळूच मिटायला लावली, म्हणजे उथळ पाण्यात चढलेल्या माशांना डोहात परतायला सवड मिळे. खडीवर शेवाळ धरलं, त्यात किडे झाले, मासे चरू लागले.

आषाढाच्या शेवटी दोन भोयांनी पाण्याने भरलेलं घंगाळ दरबारात आणलं. आत एक मादी खडस होती, सोनेरी खवल्यांची, चांगली धष्टपुष्ट. राजांनी मिटक्या मारत आचाऱ्याला हाक दिली. ठकूने घंगाळावर हात आडवा धरला.

“महाराज, हिच्या पोटात अंडी आहेत. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे ही. तिला कापून कसं चालेल?”

राजे हसू लागले ते थांबेचनात. त्यांनी दरोग्याच्या कमरेची धरणाच्या दारांची किल्ली काढून ठकूच्या हातात दिली, भोईवाड्याला नदीचा हक्क कायमचा लिहून दिला, आणि मासा स्वतःच्या हाताने नदीत सोडून पिठलं-भाकरी खायला घरी गेले.