सर राल्फ यांच्या ओठांवरची काडी

इंग्लंडच्या पश्चिमेकडील ऑल्डरकोम या खेड्याच्या चर्चमध्ये सर राल्फ हॅदरविक यांची पाषाणमूर्ती समाधीवर पहुडलेली आहे. तिचा उजवा हात मात्र वर उचललेला आहे. हा हात का उचलला, हे चर्चची देखभाल करणाऱ्या वृद्ध मिसेस टकर येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगतात.

राल्फ हे म्हणे चौदाव्या शतकातील जमीनदार. त्यांच्या हुकमाशिवाय कुरणातले गवत कापायचे नाही, अशी रीत होती. आणि ते तर आभाळाकडे पाहून नेहमी ‘थोडे थांबू’ म्हणत. लागोपाठ दोन उन्हाळे उभे गवत पावसात कुजले. वैरणीअभावी हिवाळ्यात बैल मारावे लागले. तिसऱ्या वर्षीही तसेच झाले असते, तर नांगराला माणसेच जुंपावी लागली असती.

तेव्हा कापणाऱ्यांची म्होरकी, ॲग्नेस नावाची विधवा, राल्फ यांच्या दारी गेली. “सरकार, एवढी अक्कल एका कुरणात कोंडून ठेवायची? मग राजाला सल्ला कोण देणार?”

राल्फ यांना हे पूर्वीपासून पटलेलेच होते. गावाने त्यांना परगण्याचे प्रतिनिधी म्हणून निवडून पार्लमेंटमध्ये पाठवले. (असल्या निवडीत कुळांना मत नसे, पण आख्यायिका ही अडचण मनावर घेत नाही.) मागे हुकूम कारभाऱ्याने द्यायचा होता, आणि कारभाऱ्याचेही बैल होते.

परंतु राजाने नवा कर मागताच राल्फ ‘थोडे थांबू’ या विषयावर इतके बोलले, की राजाने कंटाळून सभाच उठवली. कर टळला, आणि राल्फ ऐन कापणीच्या सकाळी कुरणात येऊन उभे राहिले. त्यांनी हात उचलला, तोंड उघडले. पण भाषणांनी घसा पार बसलेला. आवाज फुटेना.

“सरकारांनी हात केला!” ॲग्नेस ओरडली. “चला रे, चालवा विळे!”

शेवटची गंजी रचून झाली आणि पाऊस कोसळला. गावाने राल्फ यांचा जयजयकार केला. आपण थांबवत होतो, हे कबूल करणे त्या मानी गृहस्थाला जमले नाही. उलट, दर कापणीला तोंडात गवताची काडी धरून मुके राहण्याचे व्रत त्यांनी घेतले, आणि मरेपर्यंत पाळले, असे सांगतात. मूर्ती या कथेहून जुनी असावी, असा अभ्यासकांना संशय आहे. गावाला नाही.

“पण हा हात तर थांबवणारा दिसतो,” असे कोणीतरी म्हणतेच.

“आहेच तसा,” मिसेस टकर म्हणतात. “बैलांना सांगू नका.”

आजही कापणीच्या सकाळी गाव चर्चमध्ये जमते. मिसेस टकर मूर्तीच्या ओठांवर काडी ठेवतात, “सरकार, काही हरकत?” असे विचारतात, आणि उत्तरासाठी रीतसर थांबतात. फार वेळ नाही.